विहीर, नळ आणि मधली चार बोटं हवा

मागच्या अंगाला विहीर, पुढच्या अंगाने नळाची लाइन. नळाला पाणी येतं ते करंगळीएवढ्या धारेने, आणि मागे विहीर तुडुंब. अशा घरात आज ना उद्या कुणीतरी म्हणतंच, दोन्ही लाइन जोडून टाकू या. प्लंबरला विचारलं तर तो सांगतो, एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, दोन कॉक, दहा-बारा फूट पाइप, अर्ध्या तासाचं काम. तो खोटं बोलत नसतो. जोडायला खरंच अर्धा तास लागतो.

गोंधळ पुढे सुरू होतो. पाणीपुरवठ्याची माणसं सांगतात की असं जोडता येणार नाही. मालक चक्रावतो. विहीर माझी, पाइप माझा, पाणी स्वच्छ, मग अडचण कुणाला? प्रश्न रास्त आहे. बहुतेक ठिकाणी खासगी विहीर सार्वजनिक वाहिनीला थेट जोडायला मनाई असते, पण 'नियम आहे' एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. या लेखात त्या टीपर्यंत जाऊ, पण विहिरीच्या तळापासून सुरुवात करून. कारण टीचा धोका कळायला दाब म्हणजे काय ते कळावं लागतं, आणि दाब विहिरीतच सगळ्यात सोपा समजतो.

विहीर भरलेली दिसते, पण देते किती?

काठावरून दिसणारं पाणी म्हणजे साठा. रोज खर्च करायचा तो झऱ्यांनी रोज भरून दिलेला हिस्सा. पगार आणि शिल्लक यांत जो फरक, तोच इथे. शिल्लक मोठी असली तरी पगारापेक्षा जास्त खर्च केला की एक दिवस खडखडाट होतो.

हे मोजायला तज्ज्ञ लागत नाही. दोरीला दगड बांधा, पाण्याची पातळी मोजा, मोटर लावून पातळी दीड-दोन मीटर खाली जाऊ द्या, मोटर बंद करा आणि तासाने पुन्हा मोजा. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आहे. अशा विहिरीत पाणी एक सेंटीमीटर चढलं म्हणजे सुमारे ७० लिटर आलं. तासाभरात १५ सेंटीमीटर चढलं, तर विहीर तासाला हजार लिटरच्या थोडं वर देते. पाच माणसांच्या घराला माणशी १२० लिटर धरले तरी दिवसाला ६०० लिटर पुरतात. म्हणजे ही विहीर घर सहज पोसेल. फक्त ही मोजणी पावसाळ्यानंतर करून खूश होऊ नका. उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरवड्यात करा. तेव्हाचा आकडा खरा.

बोअरला हीच गोष्ट जास्त लागू पडते, कारण तिथे शिल्लक जवळपास नसतेच. सहा इंची बोअरमध्ये एक मीटर पाणी म्हणजे जेमतेम १८ लिटर. बोअर जगते ती तासातासाच्या झिरप्यावर.

पंप पाणी ओढत नाही

काठावर बसवलेली मोटर पाणी 'ओढते' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती फक्त पाइपमधला दाब कमी करते. मग बाहेरच्या हवेचं ओझं विहिरीच्या पाण्यावर दाबतं आणि पाणी पाइपमध्ये वर चढतं. हवेला वजन असतं आणि समुद्रसपाटीला ते सुमारे १०.३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतं. त्याच्या वर हवेची ताकद संपते. गॅलिलिओच्या काळात पंप करणाऱ्या कारागिरांना हे अनुभवाने माहीत होतं, कारण मात्र सापडत नव्हतं. ते टोरिचेलीने १६४४ मध्ये लिहिलं: आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो.

पाइपमधलं घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा, असं सगळं वजा केलं की काठावरची मोटर पाणी उचलते ते साधारण ६ ते ७ मीटरपर्यंत. उंचावरच्या गावात त्याहून कमी, कारण दर हजार मीटर उंचीला साधारण एक मीटर हातचा जातो. म्हणून पाणी सहा मीटरवर असताना झकास चालणारी मोटर उन्हाळ्यात पाणी नऊ मीटरवर गेलं की नुसती घरघरते. लोक मोटर बिघडली म्हणून ती खोलायला घेतात. मोटर ठणठणीत असते, पाणीच तिच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. अशा वेळी मोटर विहिरीत खाली न्यावी लागते किंवा पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल घ्यावा लागतो. तो खालून ढकलतो, त्याला हवेची मदत लागत नाही.

काठावरच्या मोटरीला आणखी एक खोड असते, ती हवा धरते. पाइपच्या तळाशी एकाच बाजूला उघडणारी झडप असते, फूटव्हॉल्व्ह. तोंडातोंडी तिचा 'फुटबॉल' झाला आहे आणि हे नाव मला तरी जास्त आवडतं. या फुटबॉलमध्ये पानाचा देठ अडकला की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी पुन्हा बादलीने पाणी ओतून मोटर भरावी लागते. हा देठ लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

पाटीवरचा आकडा फसवा असतो

पंपाला पाणी जितकं उंच न्यायचं ती उंची आणि वाटेतलं घर्षण यांची बेरीज म्हणजे 'हेड'. उन्हाळ्यात पाणी जमिनीखाली १२ मीटरवर, टाकी जमिनीवर ९ मीटर, पाइप आणि वळणांचं घर्षण ३ मीटर धरलं, तर हेड झालं २४ मीटर. आता दुकानात एका पंपाच्या पाटीवर 'कमाल हेड २५ मीटर' लिहिलंय. घ्यावा का?

नको. कमाल हेड म्हणजे ज्या उंचीवर पंपातून एक थेंबही पडत नाही ती उंची. तिथवर पाणी चढतं आणि थिजून उभं राहतं. २४ मीटरला त्या पंपातून पाण्याची धार नाही, लाळ गळेल. बघायचं असतं ते तुमच्या हेडला तासाला किती लिटर मिळतात ते, आणि तो आकडा विहिरीच्या झिरप्याहून फार मोठाही नको. नाहीतर ताकदवान पंप विहीर दहा मिनिटांत चाटून कोरडा फिरत बसतो आणि आपले सील जाळून घेतो. त्यासाठी पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा कोरडेपणाचा कटऑफ घ्याच. पंपाच्या किमतीपुढे तो किरकोळ असतो.

वरची टाकी की प्रेशर टँक?

दहा मीटर उंचीचं पाणी तळाशी सुमारे एक बार दाब देतं. हे एकच समीकरण पाठ केलं तरी घरातलं अर्धं प्लंबिंग कळतं. गच्चीवरची टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर शॉवरला ०.३ बार मिळतो. म्हणून वरच्या मजल्यावरचा शॉवर नेहमी रडका आणि तळमजल्यावरचा दमदार.

दुसरी पद्धत प्रेशर टँकची. लोखंडी डब्यात रबराचा पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप पाणी आत कोंबतो, हवा फुग्यासारखी दबते, नळ उघडला की तीच हवा पाण्याला बाहेर ढकलते. दाब साधारण २ बारवर आला की पंप सुरू आणि साडेतीनला बंद, अशी मांडणी सर्रास असते. फायदा म्हणजे सगळीकडे एकसारखा दाब. तोटा म्हणजे वीज गेली की डब्यात असेल तेवढंच पाणी. पडदा फाटला तर पंप दर चार सेकंदांनी टक-बंद-टक-बंद करत राहतो. असा आवाज आला तर रात्र काढू नका, मोटर जळते.

दोन्हींपैकी कुठलीही चालेल. पण एक फरक टिपून ठेवा: वरच्या टाकीत पाणी पडतं आणि मोकळ्या हवेत क्षणभर सुटं होतं. प्रेशर टँकमध्ये ते विहिरीपासून नळापर्यंत सलग बंदिस्त राहतं. टीचा प्रश्न या फरकाभोवतीच फिरतो.

आता तो टी

पाण्याला दिशा माहीत नसते. ज्या बाजूला दाब कमी, तिकडे ते जातं. नळाच्या लाइनमध्ये २ बार दाब आहे आणि तुमचा पंप साडेतीन बारने ढकलतोय. दोन्ही पाइप टीने जोडले आणि दोन्ही कॉक उघडे राहिले, तर तुमचं विहिरीचं पाणी तुमच्या घरात येईल तसंच उलट रस्त्यावरच्या वाहिनीतही जाईल. तिथून शेजारच्याच्या माठात.

याला उलटा प्रवाह म्हणतात आणि तो दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा म्हणजे वर सांगितलेली ढकलाढकल. दुसरी जास्त चोरटी आहे. डब्यातून नळीने रॉकेल काढताना तोंडाने एकदा ओढलं की पुढे ते आपोआप वाहत राहतं, तसं. रस्त्यावरची मोठी वाहिनी फुटली, किंवा आग लागली आणि बंबांनी एकदम पाणी उपसलं, तर वाहिनीतला दाब शून्याखाली जातो आणि ती वाहिनी जोडलेल्या प्रत्येक घरातून पाणी उलटं ओढू लागते. तेव्हा तुमचा पंप बंद असला तरी विहिरीची लाइन, टाकी, अंगणात बादलीत बुडवून ठेवलेला रबरी पाइप, सगळं त्या ओढीत सापडतं.

हे सगळं कागदी भय वाटत असेल तर फिनलंडमधल्या नोकिया गावाची गोष्ट ऐका. हो, फोनवाली कंपनी ज्या गावावरून नाव घेऊन आली तेच गाव. तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पिण्याच्या पाण्याची लाइन आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन एकमेकींना जोडलेल्या होत्या. मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह. नोव्हेंबर २००७ मध्ये दुरुस्तीच्या कामात तो उघडला गेला आणि जवळपास दोन दिवस उघडाच राहिला. सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि हजारो माणसं जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. नियम कडक, केंद्र आधुनिक, माणसं शिकलेली, तरी हे झालं.

त्याच्याही आधी १९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं असताना हॉटेलांतल्या सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात उतरलं. अमीबाच्या हगवणीने ९८ माणसं गेली. पाहुणे आजार घेऊन आपापल्या गावी परतले होते, त्यामुळे मूळ कुठे आहे हे कळायलाच वेळ लागला.

"कॉक बंद ठेवू की!"

हा पहिला आक्षेप, आणि सगळ्यात प्रामाणिक. एक उघडा असेल तेव्हा दुसरा बंद, साधा हिशेब. पण कॉक माणूस फिरवतो. आज तुम्ही, उद्या पाहुणा, परवा भाडेकरू. शिवाय कॉकची आतली गादी झिजते आणि बंद दिशेला दांडा असूनही पाणी थेंब थेंब पलीकडे जातं. नोकियातही व्हॉल्व्ह होताच.

"मग एनआरव्ही बसवा"

एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. हा आक्षेप बहुतेक वेळा प्लंबरकडून येतो आणि ऐकायला पक्का वाटतो. आता तो देठ आठवा. फुटबॉल ही एनआरव्हीच आहे, आणि रोज सकाळी मोटर हवा धरते तेव्हा ती आपल्याला सांगत असते की झडपा गळतात.

एकदा माझ्यासमोर असा एक एनआरव्ही उघडला होता. पितळी, चांगल्या बनावटीचा, बसवून दोन वर्षंही झाली नव्हती. आतल्या पाकळीखाली पांढऱ्या टेफ्लॉन टेपची सुतासारखी चिंधी अडकली होती. बसवतानाच सांध्यावरची टेप जरा जास्त गुंडाळली गेली असणार, तिचं टोक आत ओघळलं. पाकळी केसभर उघडी. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसत होतं. दोन वर्षं ती झडप काहीच करत नव्हती आणि हे कळायला कुठलीच खूण नव्हती. मला एनआरव्हीचं हेच खटकतं: निकामी झाला तरी तो काम करणाऱ्यासारखाच दिसतो.

काही देशांत यासाठी खास बनवलेली दुहेरी झडपांची यंत्रं वापरायला परवानगी असते. दोन झडपांच्या मधल्या कप्प्यात दाब बिघडला की पाणी बाहेर सांडतं, म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसतो. पण ती ठरावीक काळाने, बहुतेक ठिकाणी दरवर्षी, जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. घरगुती वापरात किती जण हे करतील, याचा अंदाज मी वाचकांवर सोडतो.

चार बोटं हवा

यापेक्षा स्वस्त उपाय आहे आणि त्यात हलणारा एकही भाग नाही. दोन पाण्यांच्या मध्ये मोकळी हवा ठेवायची.

नळाचं पाणी टाकीत वरून पडू द्या. विहिरीचंही त्याच टाकीत, दुसऱ्या तोंडाने, वरून पडू द्या. नळाच्या तोटीचं तोंड आणि टाकीतलं पाणी चढून चढून जिथवर येऊ शकतं ती रेषा, यांत अंतर राहिलं पाहिजे. सर्वसाधारण नियम असा की हे अंतर तोटीच्या व्यासाच्या किमान दुप्पट असावं आणि तोटी कितीही बारीक असली तरी इंचाच्या खाली जाऊ नये. मी सरळ चार बोटं सांगतो. बोटं सगळ्यांकडे असतात.

आता रस्त्यावरच्या वाहिनीने कितीही जोरात उलटं ओढलं तरी तिच्या तोंडात हवाच जाणार. हवेला गंज चढत नाही, तिच्यात देठ अडकत नाही.

पण हे अंतर नकळत नाहीसं करायचे दोन रुळलेले मार्ग आहेत. पहिला, टाकीचा ओव्हरफ्लो पाइप तोटीच्या वर बसवणं, किंवा तो इतका बारीक घेणं की दोन्हीकडून पाणी आलं तर त्याला ते निघून जाऊ देता येत नाही. मग टाकी भरली की तोटी बुडते. दुसरा जास्त गमतीचा. रात्री टाकीत पाणी पडण्याचा आवाज येतो, झोपमोड होते, म्हणून कुणीतरी तोटीला हातभर पाइपचा तुकडा लावून तो पाण्यात बुडवून ठेवतं. आवाज बंद होतो, आणि चार बोटं हवाही. इतकं सगळं करून आपण पुन्हा टीपाशीच येऊन पोचतो.

एका टाकीत दोन पाणी घेण्याची किंमतही आहे, ती लपवत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन विहिरीच्या पाण्यात पातळ होतं आणि सगळी टाकी विहिरीच्या दर्जावर येते. म्हणून स्वयंपाकघरातली पिण्याची एक तोटी टाकीच्या आधीच, थेट नळाच्या लाइनवरून घ्यावी. विहिरीचा तिच्याशी संबंध येऊ देऊ नये.

त्याहून चोख मार्ग म्हणजे दोन वेगळ्या टाक्या आणि दोन वेगळ्या लाइन. विहिरीचं पाणी संडास, धुणं, बाग, गाडी यांना; नळाचं पिण्याला आणि स्वयंपाकाला. नवं घर बांधत असाल तर हेच करा, भिंती उघड्या असताना फारसा जादा खर्च येत नाही. पाइप वेगळ्या रंगाचे घ्या आणि तोट्यांवर लिहून ठेवा. दहा वर्षांनी येणाऱ्या प्लंबरला भिंतीतलं काही माहीत नसतं, तो समोर दिसेल तो पाइप जोडतो.

"आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं आहे"

असेलही. जंतू दिसत नाहीत, नायट्रेटला चव नसते, आर्सेनिकला रंग नसतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. पाण्याच्या बाबतीत ती म्हण उलटी जास्त खरी आहे: आडात जे आहे ते पोहऱ्यात येतंच.

कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला आणि शेतातलं शेणखत झिरपून गावाच्या एका उथळ विहिरीत उतरलं. क्लोरीन पुरेसं नव्हतं. सात माणसं दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. ती सार्वजनिक विहीर होती, तिच्यावर पगारी माणसं होती. तुमच्या विहिरीवर तुम्हीच आहात. विहीर घराला जोडली त्या दिवसापासून पाणीपुरवठा खातं तुम्ही, प्रयोगशाळा तुम्ही आणि तक्रार घेणारी खिडकीही तुम्हीच.

"आजोबांपासून हेच पितोय" याचं उत्तर असं की आजोबांच्या वेळी शेजारी सेप्टिक टँक नव्हता आणि शेतात युरियाची पोती रिकामी होत नव्हती. विहीर तीच असली तरी भोवतालची जमीन बदलली आहे. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब, जमत असेल तर ३० मीटर, आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. कठडा जमिनीपेक्षा उंच, वर जाळी किंवा झाकण, भोवती बाहेर उतार दिलेला ओटा. या तीन गोष्टींनी पावसाचं घाण पाणी जितकं रोखलं जातं तितकं कुठलंही औषध रोखत नाही.

बोअर म्हणजे शुद्ध, हाही एक समज. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून तळ्यांचं दूषित पाणी टाळायला लाखो कूपनलिका घेतल्या गेल्या. जुलाबाच्या जंतूंपासून सुटका झाली, पण गाळाच्या थरातलं आर्सेनिक पाण्यात होतं आणि ते १९९३ मध्ये उघडकीला आलं, तोवर माणसं वर्षानुवर्षं ते पीत होती.

म्हणून तपासणी. जंतूंसाठी वर्षातून किमान एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. रसायनांसाठी सुरुवातीला एकदा आणि मग काही वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्या आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. शीतपेयाची धुतलेली बाटली चालत नाही.

"उकळलं की झालं" आणि "आरओ आहे ना"

उकळल्याने जंतू मरतात, हे शंभर टक्के खरं. पण वाफ निघून जाते ती पाण्याची. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक भांड्यातच राहतात, उलट घट्ट होतात. अमेरिकेतल्या आयोवात १९४५ मध्ये हंटर कॉमली या डॉक्टरने निळी पडणारी तान्ही बाळं पाहिली. बाळांचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होतं. नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. काळजीपोटी पाणी जितकं जास्त उकळावं, तितकं नायट्रेट वाढत जातं. सहा महिन्यांखालचं बाळ घरात असेल तर नायट्रेटची तपासणी झाल्याशिवाय विहिरीचं पाणी बाळाच्या दुधात जाऊ देऊ नका.

आरओ नायट्रेट आणि आर्सेनिक बऱ्यापैकी कमी करतो, पण एका तोटीपुरता. दात घासायचं पाणी बेसिनच्या नळाचं असतं.

विहिरीत उतरण्याआधी

छोटा भाग आहे, पण वाचा. फुटबॉल साफ करायला विहिरीत उतरणारी माणसं फक्त बुडूनच नाही, गुदमरूनही मरतात. खोल विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. आत डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, आणि पेटता दिवा खाली सोडला तर तो विझत नाही, म्हणून जुनी दिव्याची परीक्षा इथे फसवते. एक पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. इंजिन विहिरीत उतरवू नका. कुणी पडलं तर मागोमाग उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. मोटरीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरची गळती-सुरक्षा, म्हणजे आरसीसीबी, या दोन्ही हव्यातच. ओल्या हाताला दुसरी संधी नसते.

जोडणी झाली, आता पहिला दिवस

नवी लाइन जोडल्यावर किंवा विहिरीत काम झाल्यावर एकदा जोरदार क्लोरीन द्यावं लागतं. हिशेब असा: ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरतं. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, म्हणजे १.४ किलो. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं, तेही पोतं ताजं असेल तर, म्हणून पावडर लागेल सव्वाचार किलोच्या आसपास. ती थोडी थोडी करून बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी विहिरीत चहूकडून ओता. मोकळ्या हवेत करा आणि तिच्या जवळपास अॅसिडची बाटली येऊ देऊ नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो.

घरातले फिल्टर आधी काढून ठेवा. मग प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करून निदान बारा तास तसंच राहू द्या. तोवर ते पाणी कुणी पिऊ नये. नंतर वास जाईपर्यंत उपसा, पण ते पाणी झाडांना घालू नका आणि सेप्टिक टँकमध्येही सोडू नका, तिथले कामाचे जंतू मरतात. वास पूर्ण गेल्यावर आठवड्याभराने जंतूंची तपासणी करा. अहवाल हाती येईपर्यंत पिण्याला नळाचंच पाणी.

आणि रात्री, घर शांत झाल्यावर, नळाला पाणी येण्याच्या वेळी टाकीखाली उभे राहा. वरून पाणी पडल्याचा आवाज आला पाहिजे. आला नाही तर गच्चीवर जाऊन झाकण उघडा. तोटी बुडलेली असेल, नाहीतर कुणीतरी पाइपचा तुकडा लावला असेल.